टाके पिकले, आता जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न : माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात तिचे सिझेरियन झाले. बाळ सुखरूप आहे. पण टाके काढायला नेले तेव्हा जखमेतून पू येत होता. तिला पुन्हा भरती करावे लागले आणि बरीचशी औषधे आम्ही बाहेरून विकत आणली. त्या वॉर्डात शौचालय आणि खाटांखालची फरशी एकाच फडक्याने पुसली जात होती. हात धुण्याच्या नळाला दुपारनंतर पाणी नसे आणि साबण तर मी पाहिलाच नाही. सिस्टरना विचारले, तर ‘नातेवाइकांच्या गर्दीमुळे असे होते’ असे उत्तर मिळाले. सफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, की ठेकेदाराने पगारच दिलेला नाही. बहिणीच्या सासरचे विचारतात, सरकारी दवाखान्यात नेलेच कशाला? आई म्हणते, तक्रार करू नकोस, उद्या पुन्हा तिथेच जायचे आहे. मित्र म्हणतात, व्हिडिओ काढून टाक. हे नशीब म्हणून सोडून द्यायचे, की याला कोणी जबाबदार असते? आणि सरकारची जबाबदारी खरोखर कायद्याने असते, की ती भाषणापुरतीच?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेला मुख्य प्रश्न जबाबदारीचा आहे, तरी आधी बहिणीच्या प्रकृतीविषयी लिहितो, कारण तक्रारीला थोडा अवधी असतो, जखमेला नसतो. शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग पहिल्या आठवड्यातच दिसेल असे नाही. तो साधारण तीस दिवसांपर्यंत केव्हाही डोके वर काढू शकतो. त्यामुळे पू थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. ताप, थंडी वाजणे, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येणे, टाक्यांची जागा उघडणे किंवा भोवतालची त्वचा लाल व गरम होणे, पोटात वाढत जाणारी वेदना, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता तिला त्याच वेळी रुग्णालयात न्या. पुवाचा नमुना कल्चर तपासणीसाठी पाठवला होता का आणि त्याचा अहवाल काय आला, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. कोणत्या प्रतिजैविकाला जंतू दाद देतात हे त्यावरून समजते, आणि पुढे आपल्या तक्रारीतही तो अहवाल उपयोगी पडतो. बरे वाटू लागले म्हणून प्रतिजैविके मध्येच थांबवू नयेत. बाळाला अंगावर पाजणे बंद करण्याचा निर्णयही घरच्या मंडळींनी आपल्या मनाने घेऊ नये. बहुतेक वेळा तशी गरज नसते.

बाहेरून आणलेल्या औषधांविषयी आपण ओझरता उल्लेख केला आहे. तो ओझरता सोडू नका. २०११ पासून देशभर जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रीला सिझेरियनसह सर्व उपचार, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहन निःशुल्क मिळाले पाहिजे, आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीसाठी हे संरक्षण ४२ दिवसांपर्यंत आहे. टाके पिकणे ही प्रसूतीनंतरचीच गुंतागुंत आहे. म्हणजे ज्या औषधांची चिठ्ठी आपल्या हाती देण्यात आली, ती रुग्णालयाने पुरवायची होती. औषधांच्या पावत्या आणि त्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

आता नशिबाचा प्रश्न. टाके पिकले म्हणजे कोणाचा तरी हलगर्जीपणा झालाच, असे म्हणता येत नाही, आणि हे मी रुग्णालयाची बाजू घेऊन लिहीत नाही. उत्तम चालणाऱ्या रुग्णालयातही काही जखमा पिकतात. मातेला मधुमेह किंवा रक्तक्षय असेल, कळा फार वेळ चालल्या असतील, पाणमोट आधीच फुटली असेल, तर धोका वाढतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे पाहा. श्रीमंत देशांत तीव्र आजारांच्या उपचारासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी सातांना तिथे राहिल्यामुळे एखादा तरी संसर्ग होतो. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण पंधरा आहे, आणि अशा बाधित रुग्णांपैकी सुमारे दहात एक दगावतो. हातांची स्वच्छता आणि संसर्ग रोखण्याचे इतर साधे उपाय नीट पाळले, तर यांतील ७० टक्के संसर्ग टळू शकतात, असे तोच अहवाल सांगतो. सात आणि पंधरा यांतल्या अंतराचा मोठा वाटा पाणी, साबण, माणूसबळ आणि देखरेख यांचा आहे. या गोष्टी कोणाच्या पत्रिकेत लिहिलेल्या नसतात. त्या अंदाजपत्रकात असाव्या लागतात.

आपण वॉर्डात जे पाहिले ते या दृष्टीने फार मोलाचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. शौचालय आणि वॉर्ड एकाच फडक्याने पुसणे ही सवयीची ढिलाई वाटते. प्रत्यक्षात तो सरकारच्याच लेखी सूचनांचा भंग आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शस्त्रक्रियागृह, वॉर्ड आणि शौचालय यांसाठी पुसण्याची साधने वेगवेगळी असावीत, रुग्णांच्या खोलीत धूळ उडवणारा झाडू मारू नये, पुसण्यासाठी तीन बादल्यांची पद्धत वापरावी, फडके खळबळून मगच जंतुनाशकाच्या पाण्यात घालावे, हे सारे त्यात आहे. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे द्रावण ताजे करावे लागते. काल केलेले आज तेवढे प्रभावी राहत नाही. याला लागणारा खर्च किरकोळ आहे. तरीही ते होत नाही, याचे कारण आपल्या पत्रातच मावशींच्या तोंडून आले आहे.

सिस्टरचे उत्तर आणि मावशींचे उत्तर, दोन्ही अर्धवट खरी आहेत. गर्दीमुळे संसर्ग वाढतो हे बरोबर. पण नातेवाईक तिथे का असतात? रुग्णाला उठवून बसवणे, शौचालयात नेणे, सलाइन संपत आले की परिचारिकेला हाक मारणे, तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे ही कामे करणारे दुसरे कोणी नसते म्हणून. ज्या व्यवस्थेचा गाडा नातेवाइकांवाचून चालत नाही, तिने संसर्गाचा दोष नातेवाइकांवर ढकलणे मला तरी पटत नाही. (सिस्टरवर रागावू नका. एका वेळी किती खाटा त्यांच्याकडे होत्या, हे मात्र जरूर विचारा.) मावशींचा पगार थकला असेल, तर ती केवळ ठेकेदाराची आणि त्यांची आपसातली बाब राहत नाही. ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा सांगतो, आणि इथे मूळ मालक शासन आहे. शिवाय जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, बूट, कावीळ ब आणि धनुर्वात यांच्या लसी पुरवणे आणि त्यांची वर्षातून एकदा आरोग्यतपासणी करणे, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालयाचे कर्तव्य आहे. म्हणून आपल्या तक्रारीत मावशींचे नाव येऊ देऊ नका. ते आले, की दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून कमी केले जाईल, प्रकरण निकाली निघाल्याचे पत्र आपल्याला येईल आणि फडके तेच राहील.

फरशी आणि साबण आपल्याला दिसले; जे दिसत नाही ते याहून महत्त्वाचे असू शकते. सिझेरियनची जखम पिकण्याचे मूळ पुष्कळदा शस्त्रक्रियागृहात आणि उपकरणे निर्जंतुक करण्याच्या खोलीत असते. चीर देण्यापूर्वीच्या साठ मिनिटांत प्रतिबंधक प्रतिजैविकाची मात्रा दिली गेली का, शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस वस्तऱ्याने तर काढले नाहीत ना (त्याने त्वचेला सूक्ष्म जखमा होतात, म्हणून गरज असलीच तर ते क्लिपरने कापावेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते), ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबाने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) त्या दिवशीच्या फेरीत तापमान, दाब आणि वेळ यांची नोंद झाली का, निर्जंतुकीकरण पूर्ण झाल्याचे दर्शवणारी पट्टी लावली होती का, हे प्रश्न तिथले आहेत. यांची उत्तरे कागदावर असतात, किंवा असायला हवीत. ‘ओटी फ्युमिगेट केली होती’ हे उत्तर आपल्याला नक्की मिळेल. परंतु धुरी देऊन खोली बंद ठेवल्याने पृष्ठभाग घासून पुसण्याचे काम आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण टळत नाही, एवढे लक्षात ठेवा.

सरकारची जबाबदारी कायद्याने असते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मराठवाड्यातून गेलेल्या एका खटल्यात आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री प्रसूत झाली आणि तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप आणि पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडी मॉप राहून गेला होता आणि पू झाला होता. काही दिवसांतच ती गेली. कुटुंबीयांनी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर १९९६ मध्ये ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम (केवळ राज्यसत्तेलाच करता येणारे) कार्य नसून लोककल्याणाचे काम आहे, त्यामुळे सार्वभौमत्वाच्या ढालीआड सरकारला लपता येणार नाही आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची भरपाई राज्याने द्यावी, असे न्यायालयाने ठरवले. चूक नेमकी कोणत्या डॉक्टरची होती हे कुटुंबाने बोट ठेवून दाखवलेच पाहिजे, अशी अटही न्यायालयाने घातली नाही. दोन्ही शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर राज्याच्याच नोकरीत होते. आपल्यासारख्या वाचकाला हा मुद्दा सर्वांत उपयोगाचा आहे, कारण शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड काय झाले हे बाहेर बाकावर बसलेल्या भावाला कळणे शक्यच नसते. निकाल लागायला तेहतीस वर्षे लागली, हेही मी लपवत नाही.

त्याच १९९६ साली ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही राज्याला सबब होऊ शकत नाही. अनुच्छेद ४७ तर सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. हा अनुच्छेद घेऊन थेट न्यायालयात जाता येत नाही, पण २१ बरोबर वाचला की त्याला वजन येते.

कोणी आपल्याला ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला देईल. तिथे एक अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता प्रकरणातील निकालानुसार, जे रुग्णालय सर्वांनाच मोफत सेवा देते ते ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क केले. गरिबांच्या दृष्टीने निर्णय चांगला आहे. त्याचा एक परिणाम असा, की उपजिल्हा रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. खासगी रुग्णालयात हेच घडले असते, तर तो मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला राहिला असता. फौजदारी तक्रारीचाही मोह टाळावा असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर गुन्हा नोंदण्यासाठी हलगर्जीपणा ढोबळ आणि गंभीर असावा लागतो आणि त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. पिकलेल्या टाक्यांचे प्रकरण तिथे टिकणे कठीण, आणि ज्या व्यवस्थेला प्रश्न विचारायचे ती नामानिराळी राहते.

आता काय करावे ते लिहितो. प्रथम बहिणीच्या सहीने तिच्या संपूर्ण वैद्यकीय नोंदींची प्रत मागा. केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपणे, भुलीची नोंद, परिचारिकांचा तक्ता, औषधांचा तक्ता, कल्चर अहवाल, दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डे, सारे मागावे. रुग्णाने नोंदी मागितल्यावर ७२ तासांत त्या देणे हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतच आहे, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हा हक्क नमूद आहे. नोंदी हाती आल्याशिवाय तक्रार करू नका. तक्रार गेल्यानंतर कागद कधी कधी सुंदर अक्षरात पुन्हा लिहिले जातात.

मग तक्रारअर्ज. आपले रुग्णालय उपजिल्हा दर्जाचे असल्याने अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि आपल्या परिमंडळाचे आरोग्य सेवा उपसंचालक (मराठवाड्यात ते छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर येथे असतात) यांना द्यावी. ही उतरंड नीट ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे एकाच शहरातील सरकारी दवाखान्यांचे धनी वेगवेगळे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येते, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अधिष्ठात्यांमार्फत वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि महापालिकेचा दवाखाना आयुक्तांकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज ‘योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवला’ या शेऱ्यासह महिनोन्‌महिने फिरत राहतो.

अर्जाची भाषा साधी ठेवा. कोणत्या तारखेला काय पाहिले, कोणाला सांगितले, काय उत्तर मिळाले, एवढेच लिहा. ‘नरकयातना’, ‘खेळ’, ‘बेजबाबदार’ असे शब्द वगळा. शेवटी मागण्या स्पष्ट असाव्यात : संसर्गाच्या कारणाची चौकशी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीने करावी आणि तिचा अहवाल आपल्याला लेखी द्यावा, औषधांवर झालेला खर्च परत मिळावा, वॉर्डातील हात धुण्याच्या जागी पाणी आणि साबण अमुक तारखेपर्यंत उपलब्ध व्हावा, सफाईच्या ठेक्याची तपासणी व्हावी आणि कामगारांचे थकलेले वेतन अदा करावे. ही शेवटची मागणी आपल्या अर्जात असणे मला फार आवश्यक वाटते. बाळंतिणीच्या भावाने सफाई कामगारांच्या पगाराविषयी लिहावे, याचे कार्यालयात आश्चर्य वाटेल. पण त्या दोन गोष्टींचा संबंध अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगला ठाऊक असतो.

याच्या जोडीला माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते, म्हणून सगळे एकत्र कोंबू नका, नाहीतर तेवढ्याच कारणावरून अर्ज परत येईल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीन-चार स्वतंत्र अर्ज करावेत. एकात संसर्ग नियंत्रण समितीच्या गेल्या वर्षभरातील बैठकांची इतिवृत्ते आणि सिझेरियननंतरच्या जखमसंसर्गाची महिनावार नोंद मागा. दुसऱ्यात ऑटोक्लेव्हची नोंदवही मागा, तीही बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्याची. तिसऱ्यात सफाईच्या कंत्राटाची प्रत, कामगारांची हजेरी, ठेकेदाराला दिलेली देयके आणि त्याला केलेला दंड मागा. चौथ्यात रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाच्या स्थानिक खर्चावर देखरेख करणाऱ्या समितीच्या) निधीचा जमाखर्च आणि ‘कायाकल्प’ मूल्यांकनात मिळालेले गुण मागा. ‘का’ आणि ‘कशामुळे’ असे प्रश्न या अर्जांत विचारू नका. कायदा अस्तित्वात असलेले कागद देतो, खुलासे देत नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. संसर्ग नियंत्रण समितीची बैठकच झालेली नाही, असे उत्तर आले, तर खचून जाऊ नका. अशा प्रकरणात याहून बोलका कागद मिळत नाही.

‘कायाकल्प’विषयी दोन शब्द. २०१५ पासून चालत आलेली ही केंद्राची योजना स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रण यांत ७० टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या सरकारी रुग्णालयांना रोख बक्षीस देते. तिच्यामुळे अनेक ग्रामीण रुग्णालयांचे रूप पालटले, हे मान्य केले पाहिजे. माझी नाराजी वेगळी आहे. स्पर्धा म्हटली की पाहणीचा दिवस येतो, आणि पाहणीच्या आदल्या रात्री भिंती रंगतात, कुंड्या येतात, रंगीत पिशव्यांचे डबे ओळीने उभे राहतात. बाळंतीण मात्र पाहणीचा दिवस पाहून दाखल होत नाही. नळाला पाणी असणे ही बक्षिसाची बाब कधीपासून झाली, हे मला उमगलेले नाही.

बक्षिसाइतकीच शिक्षेचीही आपल्याकडे नाट्यमय रीत आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. ते मृत्यू अस्वच्छतेमुळे झाले असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर रुग्णालयात आलेल्या एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदला गेला. कॅमेऱ्यासमोर एक स्वच्छतागृह एकदा धुतले गेले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत मात्र रिक्त पदे, औषधखरेदी आणि आरोग्यावरील तरतूद यांविषयी राज्याला प्रश्न विचारले. आपली तक्रार या दुसऱ्या वळणाची असावी, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले.

मित्रांनी सुचवलेल्या व्हिडिओविषयी माझे मत प्रतिकूल आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात कॅमेरा फिरवला, की ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही अशा स्त्रिया अवघडलेल्या अवस्थेत त्यात येतात. कोरडा नळ, साबणाची रिकामी जागा, भरून वाहणारा कचऱ्याचा डबा यांची छायाचित्रे, कोणाचाही चेहरा न येता, तारखेसह काढून अर्जाला जोडावीत. आणि काहीही झाले तरी वॉर्डात आवाज चढवू नका. रुग्णालयातील हिंसा व तोडफोडीविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा कडक आहे, आणि एकदा आपल्यावर गुन्हा नोंदला गेला, की चर्चेचा विषय टाके राहत नाहीत.

अर्जाला महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात तो मांडता येईल. त्यानंतर मुंबईतील राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. ही तारीख आजच वहीत लिहून ठेवा. भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा झाल्यास शासनाला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. त्यासाठी वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज बहिणीच्या नावे करावा.

आपल्या आईंची भीती अनाठायी नाही. पुढच्या वेळी त्याच दारात जायचे आहे, हे लहान गावातले वास्तव आहे. म्हणून अर्ज एकट्याने देऊ नका. त्या आठवड्यात त्या वॉर्डात असलेल्या आणखी दोन-चार कुटुंबांशी बोला. त्यांच्याही टाक्यांना त्रास झाला असेल, तर ती माहिती चौकशीच्या दृष्टीने आपल्या एकट्याच्या अनुभवापेक्षा कितीतरी महत्त्वाची ठरेल, कारण एकाच आठवड्यात अनेक जखमा पिकल्या असतील, तर बोट निर्जंतुकीकरणाकडे जाते. सह्या अनेकांच्या असल्या, की रोषही एकावर येत नाही. आशाताईंना मात्र यात ओढू नका. त्यांचे मानधन याच यंत्रणेच्या हाती असते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे आणि त्यातील जनसुनवायांमध्ये गावकऱ्यांनी डॉक्टरांसमोर बसून असेच प्रश्न मांडले आहेत. आपल्या तालुक्यात असे काम करणारी संस्था असेल, तर तिची सोबत घ्या. रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी कोण आहेत, हेही शोधा. त्या निधीतून साबण आणि नळदुरुस्ती यांसारखे खर्च करता येतात, आणि त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

राहिला सासरच्यांचा प्रश्न. सरकारी रुग्णालयात नेणे ही आपली चूक नव्हती. खासगी रुग्णालयातही टाके पिकतात, तिथे त्याचे बिल वेगळे येते एवढेच. सिझेरियनची सोय असलेले जवळचे रुग्णालय आपण गाठले आणि आई व बाळ दोघेही घरी आले. बहिणीसमोर हा विषय निघू नये, एवढे मात्र पाहा. ती अजून बाळंतपणाच्या त्या ४२ दिवसांत आहे, आणि निष्काळजीपणा कोणाचा यावरची घरातली भांडणे ऐकत पडून राहणे तिच्या तब्येतीला मानवणारे नाही. नोंदींच्या मागणीवर तिची सही घेताना कागद तिला वाचून दाखवा, आणि रुग्णालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.